ऐतिहासिक वास्तू आणि त्यांचा परिसर : हुमायूनच्या मकबऱ्याचे जतन

जुन्या वास्तूचा नाश दोन कारणांनी होतो. ऊन, पाऊस, वारा, भिंतींत शिरणारी झाडांची मुळे आणि माणसांचे दुर्लक्ष हे पहिले कारण होय. ते सर्वांच्या परिचयाचे आहे. दुसरे कारण मात्र सहसा ध्यानात येत नाही. वास्तू टिकावी अशा सदिच्छेने जी दुरुस्ती केली जाते, तीच पुष्कळदा वास्तूला अपायकारक ठरते. गळकी गच्ची बंद करण्यासाठी घातलेला सिमेंटचा थर, खचलेल्या फरसबंदीवर ओतलेले काँक्रीट, शोभेसाठी आखलेले नव्या धर्तीचे वाफे, यांपैकी कोणतेही काम वाईट हेतूने केलेले नसते. तरीही अशा कामांनी वास्तूचे मूळ स्वरूप झाकले जाते आणि तिचे आयुष्यही घटते.

दिल्ली येथील हुमायूनचा मकबरा हे या दोन्ही कारणांचे, आणि त्यांवर योजलेल्या उपायांचेही, बोलके उदाहरण आहे. या मकबऱ्याची बाग १९९७ ते २००३ या काळात आणि मुख्य वास्तू त्यानंतर २०१३ सालापर्यंत पूर्वस्थितीत आणण्यात आली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि आगाखान सांस्कृतिक न्यास या दोन संस्थांनी हे काम मिळून केले. त्यात रसायनशास्त्र, जलशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि गवंडी व पाथरवट यांचे परंपरागत कौशल्य या सर्वांचा उपयोग झाला. हे काम कसे झाले आणि त्यापासून काय शिकावयाचे, ते येथे पाहावयाचे आहे.

मकबरा आणि त्याची बाग

दुसरा मोगल बादशाह हुमायून हा इ. स. १५५६ च्या जानेवारीत दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यातील आपल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून मरण पावला. पुढे अकबराच्या कारकीर्दीत, १५६० नंतरच्या दशकात, हुमायूनची विधवा पत्नी हाजी बेगम हिच्या देखरेखीखाली हा मकबरा उभारण्यात आला. मीरक मिर्झा गियास या इराणी परंपरेतील वास्तुविशारदाकडे रचनेचे काम सोपविण्यात आले होते.

तांबड्या वालुकाश्माची ही भव्य वास्तू एका विस्तीर्ण चौथऱ्यावर उभी आहे. चौथऱ्याच्या चारही बाजूंस कमानदार खोल्या आहेत. मध्यभागी पांढऱ्या संगमरवराने मढविलेला घुमट असून तो सुमारे ४२.५ मीटर उंच आहे. हा घुमट दुहेरी आहे. म्हणजे एकाच्या आत दुसरा असे दोन घुमट बांधलेले आहेत. बाहेरच्या घुमटामुळे वास्तू दुरून उंच व डौलदार दिसते, तर आतल्या घुमटामुळे दालनाचे छत दालनाच्या मापाला शोभेल इतक्याच उंचीवर राहते. या वास्तूत मोगल घराण्यातील शंभराहून अधिक व्यक्तींची थडगी आहेत.

मकबऱ्याभोवतीची बाग 'चारबाग' पद्धतीची आहे. रुंद पायवाटा आणि त्यांमधून वाहणारे पाण्याचे अरुंद पाट यांनी बागेचे चार मोठे चौकोन केले आहेत आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा लहान चौकोन पाडले आहेत. पाट जेथे एकमेकांस मिळतात तेथे हौद आहेत. कुराणात वर्णिलेल्या स्वर्गोद्यानातील चार नद्यांची ही प्रतिकृती मानली जाते. बांधकामाच्या काळी यमुनेचे पात्र मकबऱ्याच्या पूर्वेस अगदी जवळून वाहत असे. ते पुढे दूर सरकले.

मकबरा आणि बाग या दोन वेगळ्या वस्तू नव्हेत. पश्चिमेच्या दरवाजातून आत येणाऱ्या माणसाची दृष्टी सरळ पाटाच्या रेषेवरून चौथऱ्याकडे आणि तेथून घुमटाकडे जावी, अशी ही योजना आहे. सपाट मोकळी जमीन, पाण्याची सरळ रेषा आणि ठरावीक अंतरावरची झाडे यांमुळेच इमारतीची उंची व तिचा समतोल डोळ्यांत भरतो. बागेची रचना मोडली, तर एकही दगड न हलविता वास्तूचे स्वरूप बदलते. १९६४ साली व्हेनिस येथे स्मारकांच्या जतनासंबंधी जी आंतरराष्ट्रीय सनद तयार झाली, तिनेही स्मारकाच्या कल्पनेत त्याच्या परिसराचा समावेश केला आहे.

बागेची स्थित्यंतरे

मोगल सत्ता क्षीण होत गेली तशी बागेची निगा राखणारे कोणी उरले नाही. अठराव्या शतकात आवाराच्या आत लोक वस्ती करून राहू लागले आणि वाफ्यांच्या जागी भाजीपाल्याचे मळे झाले. १८५७ साली इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर अखेरचा मोगल बादशाह बहादूरशाह जफर याने याच मकबऱ्यात आश्रय घेतला होता आणि येथेच तो पकडला गेला.

१८६० च्या सुमारास बागेला इंग्रजी धर्तीचे वळण देण्यात आले. मुख्य वाटांवरील चौकोनी हौदांच्या जागी फुलझाडांचे गोल वाफे आले आणि झाडे दाट लावली गेली. ज्यांनी हे केले त्यांना ती सुधारणा वाटत होती. लॉर्ड कर्झनच्या आज्ञेवरून १९०३ ते १९०९ या काळात हे गोल वाफे काढून मोगल आखणी पुन्हा जमिनीवर आणण्यात आली आणि पाटांना वालुकाश्माचे अस्तर लावण्यात आले. १९१५ साली मुख्य व कर्णरेषेवरील वाटांच्या कडेने झाडांच्या रांगा लावण्यात आल्या.

१९४७ साली देशाच्या फाळणीनंतर पुराणा किल्ला आणि हुमायूनचा मकबरा येथे निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या. घरदार गमावलेली असंख्य कुटुंबे या भिंतींच्या आश्रयाने राहिली. छावण्या सुमारे पाच वर्षे होत्या आणि त्या काळात बाग व पाट यांची पुष्कळ हानी झाली. तथापि, संकटात सापडलेल्या माणसांना निवारा देणे हे त्या वेळचे पहिले कर्तव्य होते, आणि ती आठवण आता मकबऱ्याच्या इतिहासाचाच एक भाग झाली आहे. १९९३ साली युनेस्कोने या स्मारकाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्या वेळी इमारत दिमाखाने उभी होती, परंतु पाट कोरडे होते आणि कारंजी बंद होती.

पाण्याचा उतार

बागेचे काम हाती घेताना पहिला प्रश्न होता तो पाण्याचा. मूळ रचनेत पाणी यंत्राच्या जोराने ढकलले जात नव्हते; ते उताराने आपोआप वाहत होते. यास्तव पाट पुन्हा त्याच तत्त्वावर चालते करावेत असे ठरले.

हे सांगण्यास सोपे, पण करण्यास कठीण होते. पाटाला उतार अधिक दिला, तर पाणी वेगाने एका टोकाला जमा होते आणि वरचा भाग कोरडा पडतो. उतार कमी पडला, तर पाणी साचते, गाळ बसतो आणि शेवाळ वाढते. सुमारे १२ हेक्टरांच्या या बागेत ४० मीटर अंतरास अवघा १ सेंटिमीटर एवढा उतार ठेवून पाट नव्याने बसविण्यात आले. याचा अर्थ असा, की पाट २०० मीटर लांब असेल, तर त्याची दोन टोके केवळ ५ सेंटिमीटर खाली-वर असतील. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. एखादा दगड नखभर वर राहिला तरी प्रवाह अडतो. म्हणून प्रत्येक दगडाची पातळी मोजून तो बसवावा लागला.

जमिनीच्या पातळीचाही असाच प्रश्न होता. जुन्या बागेत वर्षानुवर्षे पालापाचोळा, खत व भराव यांची माती साचत जाते. जमीन उंच झाली, की पाट खड्ड्यात जातात आणि पावसाचे पाणी इमारतीच्या पायाकडे वळते. या बागेतून हजारो मालमोटारी भरतील एवढी साचलेली माती काढावी लागली. काम चालू असता जुन्या विहिरी सापडल्या. त्यांतील गाळ उपसण्यात आला. पावसाचे पाणी जमिनीत मुरावे म्हणून १२८ शोषखड्डे घेण्यात आले. आंबा, लिंबू, कडुनिंब, जास्वंद, जाई-जुई अशी या भूमीत रुजणारी अडीच हजारांहून अधिक झाडे-झुडपे लावण्यात आली.

याच आवारातील ईसाखानाचा मकबरा हुमायूनच्या मकबऱ्याहून सुमारे वीस वर्षांनी जुना आहे. तेथील बागेतली माती हटविल्यावर मूळ बाग भोवतालच्या जमिनीहून खोल पातळीवर होती असे आढळून आले. मातीखाली झाकली गेलेली ही योजना जमिनीची पातळी तपासल्यामुळेच पुन्हा उजेडात आली.

चुना आणि सिमेंट

बागेनंतर लक्ष इमारतीकडे वळले. येथे मुख्य प्रश्न गच्चीचा होता. मूळ गच्ची चुन्याची होती. गळती थांबविण्यासाठी १९२० नंतरच्या दशकात तिच्यावर सिमेंट-काँक्रीटचा थर घालण्यात आला. पुढे गळती झाली की त्यावर आणखी एक थर, असे होत होत थरांची एकूण जाडी सुमारे ४० सेंटिमीटर झाली. पाणी वाहून जाण्याचे मूळ मार्ग त्याखाली बुजले. गळती थांबली नाही, उलट छतावरचा भार वाढला. २००९ पासून कित्येक महिने खपून हे काँक्रीट काढण्यात आले, तेव्हा त्याचे वजन सुमारे १० लक्ष किलोग्रॅम भरले. दहा टनी मालमोटारींत हा माल भरावयाचा झाल्यास शंभर मोटारी लागतील. यंत्राच्या हादऱ्यांनी जुने बांधकाम खिळखिळे होऊ नये म्हणून सर्व काम छिन्नी-हातोडीसारख्या हातच्या अवजारांनी करण्यात आले.

सिमेंट चुन्याहून बळकट असता ते अपायकारक का व्हावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर दोन्ही पदार्थांच्या गुणधर्मांत आहे.

चुनखडीचा दगड भट्टीत भाजला म्हणजे त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो तापतो, फुगतो आणि विरतो. हा विरलेला चुना वाळू किंवा विटांची भुकटी यांच्याशी मिसळून बांधकामात वापरला, म्हणजे तो हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि त्याचे पुन्हा चुनखडीत रूपांतर होते. येणेप्रमाणे दगडापासून निघालेला चुना शेवटी दगडच होतो. ही क्रिया मंद असते. भिंत जाड असेल तर तिला कित्येक वर्षे लागतात. मिश्रण चिकट व टिकाऊ व्हावे म्हणून त्यात बेलफळाचा गर, गूळ, उडदाचे पीठ अशी द्रव्ये मिसळण्याची जुनी पद्धत होती. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांवर चुना मळण्याच्या घाणीचे वर्तुळाकार चर आणि दगडी चाके आजही आढळतात, ती याच विद्येची साक्ष होय.

घट्ट झालेला चुना सच्छिद्र राहतो. भिंतीत शिरलेला ओलावा त्यातून बाहेर पडून उडून जातो. शिवाय तो दगडापेक्षा मऊ असल्यामुळे इमारत किंचित खचली किंवा उन्हाने प्रसरण पावली, तर ताण चुन्याचा दरजा सोसतो आणि दगड शाबूत राहतो. सिमेंटचे याच्या उलट आहे. ते कठीण व जवळजवळ अभेद्य असते. जुन्या दगडाशी त्याचे आकुंचन-प्रसरण जुळत नाही, म्हणून कडेला बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी आत जाते, पण वर सिमेंट असल्यामुळे त्यास बाहेर येण्यास वाट मिळत नाही. मग ते दगडातून मार्ग काढते. सिमेंटमधील विद्राव्य क्षारही त्याबरोबर वाहून येतात. पाणी उडून गेले की क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि आतून दाब देऊन दगडाचा पृष्ठभाग फोडतात. भिंतीला लोणा धरतो तो हाच. अशा रीतीने सिमेंट स्वतः शाबूत राहते आणि ज्याच्या रक्षणासाठी ते लावले तो दगड झिजत जातो.

सिमेंट हा वाईट पदार्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. नव्या बांधकामात त्याचे स्थान निर्विवाद आहे. परंतु चुन्याने श्वास घेणाऱ्या इमारतीवर ते लादणे चूक होय. मकबऱ्याच्या गच्चीवर म्हणून पुन्हा चुन्याचा कोबा घालण्यात आला. चौथऱ्यावरही असेच करावे लागले. तेथील मूळ फरसबंदी प्रचंड दगडांची असून काही दगडांचे वजन हजार किलोग्रॅमहून अधिक आहे. हे दगड कमी-अधिक खचल्यामुळे १९४० नंतरच्या दशकात त्यांवर काँक्रीट ओतण्यात आले होते. ते काढून मूळ दगड पुन्हा पातळीत बसविण्यात आले.

किती दुरुस्ती करावी?

जतनाच्या कार्यात सर्वांत बिकट प्रश्न मर्यादेचा असतो. जे नाहीसे झाले ते नव्याने घडवावे काय? याविषयी दोन मते आहेत. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक सर जॉन मार्शल यांनी १९२३ साली स्मारकांच्या जतनासंबंधी एक मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. जे उरले आहे ते सांभाळावे, नवे घडवून जुन्याची बतावणी करू नये, असा त्याचा रोख होता. एखाद्या भग्न शिल्पाचे नवे हात-पाय बसविले, तर पाहणाऱ्याला खरे कोणते आणि बनविलेले कोणते हे कळत नाही, आणि इतिहासाचा पुरावाच संशयास्पद होतो. या म्हणण्यात मोठे तथ्य आहे.

दुसऱ्या बाजूने असे म्हटले जाते, की भारतात कारागिरांची परंपरा पुष्कळ ठिकाणी आजही जिवंत आहे. निखळलेली फरशी किंवा जाळी त्याच दगडात, त्याच हत्यारांनी घडविणारा पाथरवट उपलब्ध असता वास्तू अपुरी ठेवावी कशासाठी? शिवाय जे कौशल्य वापरले जात नाही ते एका-दोन पिढ्यांत लोपते. पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१४ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय जतन धोरणात परंपरागत कारागिरीला महत्त्वाचे स्थान देण्यात आले आहे.

हुमायूनच्या मकबऱ्यावरील छत्र्यांच्या बाबतीत हा वाद प्रत्यक्ष उभा राहिला. या छत्र्यांचे लहान घुमट एके काळी निळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगांच्या झिलईदार कौलांनी मढविलेले होते. बहुतेक कौले गळून गेली होती आणि ती बनविण्याची विद्या दिल्लीत उरली नव्हती. उझबेकिस्तानातील कारागीर बोलावून त्यांच्याकडून शेजारच्या निजामुद्दीन वस्तीतील तरुणांना ही कला शिकविण्यात आली. जुन्या कौलांशी रंग व पोत जुळेपर्यंत पुनःपुन्हा प्रयोग करावे लागले. जी मूळ कौले जागेवर टिकून होती ती, त्यांची झिलई उडालेली असली तरी, काढण्यात आली नाहीत. केवळ रिकाम्या जागी नवी बसविण्यात आली. नव्या कौलांनी छत्र्यांचे मूळ रूप झाकले जाते असे म्हणणारे टीकाकारही होते. परंतु जुने काय आणि नवे काय याची नोंद ठेवलेली असल्यामुळे हा वाद पुराव्यानिशी करता येतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

घुमटावरील कळसाचे उदाहरणही उद्बोधक आहे. २०१४ सालच्या मे महिन्यात दिल्लीत झालेल्या वादळात हा कळस कोसळला. लाकडी खांबावर तांब्याचे कुंभ चढवून तो केलेला होता. त्याचा अभ्यास करून त्याच रचनेचा नवा कळस घडविण्यात आला आणि २०१६ साली तो घुमटावर चढविण्यात आला. कोसळलेला मूळ कळस मोडीत न काढता जपण्यात आला, आणि २०२४ साली मकबऱ्याजवळ उघडलेल्या संग्रहालयात तो ठेवण्यात आला आहे.

या सर्व अनुभवांतून जतनाची काही सूत्रे निघतात. काम सुरू करण्यापूर्वी वास्तूची मोजमापे, छायाचित्रे व आराखडे यांच्या साहाय्याने संपूर्ण नोंद करावी. मूळ भाग जितका वाचविता येईल तितका वाचवावा. दुरुस्तीचे साहित्य मूळ साहित्याशी जुळणारे असावे. जेथे पुरावा संपतो तेथे कल्पनेने भर घालू नये. आणि पुढील पिढीस अधिक ज्ञान प्राप्त झाल्यास आपले काम तिला काढून टाकता यावे, अशा रीतीने ते करावे. चाळीस सेंटिमीटर काँक्रीट फोडण्यास किती श्रम पडले, ते पाहिल्यावर या शेवटच्या सूत्राचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

कायदा आणि नागरिक

भारतात स्मारकांच्या रक्षणासाठी १९०४ साली आणि स्वातंत्र्यानंतर १९५८ साली कायदे झाले. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई करण्यात आली आणि त्यापुढील २०० मीटरांतील बांधकामावर नियंत्रण घालण्यात आले. स्मारकाचे रक्षण म्हणजे परिसराचेही रक्षण, हे तत्त्व यात मान्य झाले आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे दायित्व असल्याचे संविधानाच्या ४९ व्या अनुच्छेदात सांगितले आहे, तर देशाच्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे ५१-क या अनुच्छेदात नागरिकांचे मूलभूत कर्तव्य मानले आहे.

परंतु कायद्याच्या यादीत येणाऱ्या वास्तू थोड्या आहेत. गावोगावची देवळे, मशिदी, वाडे, बारवा, वेशी, धर्मशाळा आणि जुन्या शाळा यांपैकी बहुतेकांची दुरुस्ती स्थानिक लोकच करतात. तेथे लोकांच्या ज्ञानावरच सर्व अवलंबून राहते. दगडी बारवेच्या पायऱ्यांवर सिमेंटचा गिलावा चढविण्यापूर्वी, जुन्या देवळाच्या आवारात भराव घालून फरशी बसविण्यापूर्वी, किंवा वाड्याच्या चौकातील झाड तोडण्यापूर्वी काही प्रश्न विचारले पाहिजेत. ही वास्तू मुळात कोणत्या पदार्थांची बांधलेली आहे? पावसाचे पाणी पूर्वी कोणत्या वाटेने जात होते? जमिनीची मूळ पातळी कोठे होती? आज जे बसविले जात आहे ते उद्या मूळ दगडाला इजा न होता काढता येईल काय?

हे प्रश्न विचारण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. शाळेतील विद्यार्थ्यांनाही आपल्या गावातील एखादी जुनी इमारत घेऊन तिचे मोजमाप करता येईल, लोणा कोठे धरला आहे आणि सिमेंट कोठे लावले आहे हे नकाशावर दाखविता येईल, आणि वृद्ध गवंड्यांकडून चुना मळण्याची पद्धत लिहून घेता येईल. अशी एक वही गावच्या ग्रंथालयात असली, तर पुढे दुरुस्तीचा प्रसंग येईल तेव्हा मूळ वास्तू कशी होती हे पाहण्यासाठी ती उपयोगी पडेल.